जिप्सी किंग (१९९८, कार्बोरेटर): घाट उतरून पाय दिला की निळा धूर. नुसते व्हॉल्व्ह सील टाकू की गाईडपण?

आजरेकर_जिप्सी

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, ९८ ची, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटर. वडिलांनी घेतलेली, विकायची नाही, त्यामुळं "काढून टाक" हा सल्ला कृपया देऊ नका. घरात तो रोज मिळतो.

लक्षणं अशी. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो, मिनिटाभरात जातो. सपाटीला चालवताना काही नाही. घाट चढताना पण काही नाही. पण आंबोली घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून उतरलो, आणि खाली दाणोलीजवळ ॲक्सिलरेटर दाबला की आरशात मागची गाडी दिसत नाही. ऑइल नियमित टॉप-अप करावं लागतंय. खाली थेंब कुठंच नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनवर घेतलं: १८५, १८०, १८५, १८० पीएसआय.

गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजात हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून सगळे व्हॉल्व्ह सील, म्हणजे दांडीवरनं ऑइल खाली जाऊ न देणाऱ्या रबरी टोप्या, बदलून घेतले होते. धूर बंद झाला. दिवाळीपर्यंत परत सुरू. आता एक मिस्त्री म्हणतो बोअर-पिस्टन करा, म्हणजे सिलिंडर कापून नवे पिस्टन घाला. दुसरा म्हणतो सील लोकल होते, कंपनीचे टाका. गाईडचं, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वर-खाली होते तिचं, नाव दोघांनीही काढलं नाही, ते मी वाचून विचारतोय. गाईड बदलायचेच झाले तर घरी काय करता येतं आणि मशीन शॉपला काय द्यावं? हेड मी स्वतः उतरवतो, टायमिंग बेल्ट बदलायची सवय आहे.

---

कोथरूड_गॅरेज

१८० कॉम्प्रेशनवर बोअर करायला सांगणाऱ्या माणसाला नमस्कार करावा आणि किल्ली परत घ्यावी. या इंजिनाला नव्यात १४ किलो, म्हणजे जवळपास २०० पीएसआय असतं, आणि १२ किलोच्या, म्हणजे १७० च्या खाली गेलं तर इंजिन खोला असं मॅन्युअल सांगतं. तुम्ही मध्ये आहात.

नुसते सीलच टाकायचे असतील तर हेडसुद्धा उतरवायची गरज नाही. रॉकर काढायचे, प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये नायलॉनची दोरी भरायची, पिस्टन वर आणायचा. दोरी व्हॉल्व्हला खालून धरून ठेवते, तो आत पडत नाही. मग स्प्रिंग दाबून लॉक (स्प्रिंगची टोपी दांडीवर धरणारे तुकडे) काढा, सील बदला. दोरीचं टोक तेवढं बाहेर राहू द्या. एक रविवार पुरतो.

---

उद्यमनगर_लेथ

दोरीची युक्ती चांगली आहे, आम्हीपण केलेली आहे. पण इथं लागू नाही. भावा, तुझा प्रश्न तूच सोडवून ठेवलायस: सील नवीन टाकले, धूर थांबला, काही महिन्यांत परत आला. सील खराब झाला हे खरं. पण तो कुणी खराब केला ते बघायला नको?

आधी धुराचं. पाय काढून घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि चाकं इंजिन फिरवतायत. त्यावेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जबरदस्त असतोय. तो व्हॉल्व्हच्या दांडीच्या कडेनं हेडमधलं ऑइल खाली ओढतो. ते पोर्टमध्ये साठतं, आणि तू दाणोलीला पाय दिलास की सगळं एका दमात जळतं. सकाळचा धूर तोच, रात्रभर दांडीवरनं खाली झिरपलेलं ऑइल. चढाला धूर नाही म्हणतोस, तेव्हा पिस्टनच्या रिंगांवर माझा संशय कमी आहे.

आता गाईड. या इंजिनात कॅम रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्हच्या दांडीच्या वरच्या टोकावर घासत जातो. म्हणजे दांडी दर वेळी सरळ खाली जातच नाही, थोडी बाजूला दाबली जाते. त्यामुळं गाईड मध्ये कमी झिजतं आणि दोन्ही तोंडांना जास्त, कर्ण्यासारखं फाकतं. सील बसलेला असतो नेमका वरच्या तोंडाशी. तिथं दांडी डावी-उजवीकडं डुलते आणि सीलचं ओठ तिच्या मागं पळत राहतं. नवा असताना पळतं. गरम होऊन रबर जरा ताठलं की ओठ लंबगोल होऊन बसतं. त्यात सील कंपनीचा असला तरी तेच होणार, फक्त थोडं उशिरा.

मोज. इनटेकची दांडी नवी ६.९६५ ते ६.९८० मिमी असते आणि गाईडचं भोक ७.००० ते ७.०१५. म्हणजे फट ०.०२ ते ०.०५. इनटेकला ०.०७ आणि एक्झॉस्टला ०.०९ च्या वर गेली की गाईड काढायचं. व्हर्नियर खिशातच ठेव, हे त्याचं काम नाही. दांडीला मायक्रोमीटर, भोकाला स्मॉल बोअर गेज. आणि भोक तीन जागी मोजायचं, वर, मध्ये, खाली. प्रत्येक जागी दोन दिशांनी, एक रॉकरच्या दिशेला आणि एक त्याला काटकोनात. गेज नसेल तर जवळच्या मशीन शॉपमध्ये जाऊन त्यांच्यासमोर मोजून घे. पैसे मागितले तर दे, उपकाराचं मोजमाप नको.

आकडे आले की पुढचं सांगतो.

---

पॉलिटेक्निक_मॅडम

उद्यमनगरकरांच्या निदानाशी मी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के एवढ्यासाठी राखून ठेवते की कॉम्प्रेशन टेस्ट वरच्या दोन रिंगांबद्दल बोलते, खालच्या ऑइल रिंगबद्दल नाही. ऑइल रिंग कार्बननं खाचेत अडकलेली असली तरी कॉम्प्रेशन छान येऊ शकतं, आणि अशी गाडीसुद्धा उतारावर ऑइल ओढते. मुलांना प्रॅक्टिकलला हे दाखवताना मी दोन जागा बघायला सांगते.

हेड उतरवल्यावर इनटेक व्हॉल्व्हची पाठ बघा, म्हणजे पोर्टच्या बाजूची. दांडीच्या बुडाशी ओला, जाड, काळा थर असेल तर ऑइल वरून येतंय, गाईडमधून. मग पिस्टनचं डोकं बघा. मध्ये कार्बन आणि कडेकडेनं धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा असेल तर ऑइल खालून येतंय, रिंगांवरून.

आणखी दोन गोष्टी. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकला सोडणारा) हलवून बघा, आतला खुळखुळ वाजला पाहिजे. तो उघडाच अडकला तर क्रँककेसमधली ऑइलची वाफ सरळ मॅनिफोल्डमध्ये जाते आणि माणसं विनाकारण हेड खोलतात. आणि हेडमधून ऑइल खाली परत जाण्याची भोकं गाळानं बुजली असतील तर स्प्रिंगांच्या भोवती तळं साठतं. सील बिचारे त्यात बुडालेले असतात. वायर घालून ती मोकळी करा.

---

आजरेकर_जिप्सी

हेड उतरलं. मॅडम, धन्यवाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेकची पाठ डांबर लावल्यासारखी. पिस्टनची डोकी सगळी सारखी काळी, कडेला स्वच्छ पट्टा कुठंच नाही. पीसीव्ही खुळखुळतो. परतीचं एक भोक निम्मं बुजलेलं होतं.

गडहिंग्लजला एका शॉपमध्ये मोजून घेतलं. सगळ्यात वाईट दोन नंबरचा इनटेक:
दांडी ६.९५८
गाईड वर ७.०५१, मध्ये ७.०१८, खाली ७.०६२

एक्झॉस्टमध्ये सगळ्यात जास्त फट ०.०८ आली. शॉपवाले म्हणाले मधलं माप बघा, ०.०६ फट आहे, लिमिटच्या आत आहे, गाईड चालतील. काका, चालतील का?

---

उद्यमनगर_लेथ

मध्ये चालतील. पण सील मध्ये नसतो, वर असतो, आणि वर तुझी फट मिलिमीटरच्या नऊ शतांशाच्या पुढं गेली आहे. खाली तर दहा शतांश. गाईड आठही बदल. एक्झॉस्ट अजून लिमिटमध्ये आहेत हे मान्य, पण हेड टेबलावर आलंय, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कड) कटिंगचं सगळं लावायचंच आहे, मग चारांसाठी परत कधी उतरवणार? इनटेकचे व्हॉल्व्हही नवीन घे, दांडी ६.९५८ म्हणजे तीच नव्याच्या मापाखाली गेली आहे. जुन्या दांडीवर नवं गाईड टाकलंस तर अर्धी फट तशीच राहील.

नर्लिंग करून देतो म्हणतील, म्हणजे गाईडच्या आत आटे दाबून भोक बारीक करायचं. बिडाच्या जुन्या इंजिनांना लोकांनी केलं, दिवस ढकलले. तू करू नकोस.

गाईड काढताना: आधी चेंबरच्या (जिथं पेट्रोल जळतं त्या) बाजूचं गाईडचं टोक कार्बनमुक्त कर. तो कार्बन तसाच ठेवून गाईड ठोकलं तर तो ॲल्युमिनियमचं भोक ओरबाडत जातो. गाईड नेहमी चेंबरकडनं स्प्रिंगकडं काढायचं. जुनं गाईड परत वापरायचं नाही, आणि नवं घ्यायचं ते ०.०३ ओव्हरसाईज. हेडचं भोक १२ मिमीच्या रिमरनं (भोक तासून मापात आणणारं हत्यार) गोल करून घ्यायचं, हे शॉपचं काम.

बसवताना हेड गरम करायचं, ८० ते १०० अंश, आणि सगळं सारखं. गॅस कटरची ज्योत एका जागी मारणारे आहेत, त्यांच्या हातात हेड देऊ नकोस, वाकतं. भट्टी नसेल तर मोठं पातेलं आणि उकळतं पाणी. पाणी शंभरच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ते सगळ्यात प्रामाणिक थर्मोस्टॅट. बाहेर काढल्यावर भोकं हवेनं कोरडी कर.

गाईड डीप फ्रीजरमध्ये ठेवा असं नेटवर सगळीकडं आहे. ठेव, बिघडत काही नाही. पण हिशोब बघ. १२ मिमीचं ॲल्युमिनियमचं भोक शंभर अंशाला सुमारे दोन शतांश मोठं होतंय. बिडाचं गाईड फ्रीजरमध्ये जेमतेम अर्धा शतांश लहान होतंय. खरं काम पातेलं करतं, फ्रीजर नुसता घरच्यांशी भांडण लावतो.

आता मुख्य हत्यार. लेथवर एक पायरीचा पंच करून घे. पुढची पिन साडेसहा-पावणेसात मिमी, गाईडच्या आत सैल जाईल अशी. त्याच्या मागं खांदा, जो गाईडच्या डोक्यावर बसेल. आणि त्या खांद्याभोवती एक बाही, जिची खोली बरोबर १४ मिमी. गाईड ठोकत गेलास की बाही हेडला टेकते आणि गाईड पुढं जातच नाही. या हेडवर गाईड १४ मिमी वर राहायला पाहिजे. जास्त राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना स्प्रिंगची वरची टोपी सीलवर आपटते आणि सील फुटतो. कमी राहिलं तर सील वॉशरला टेकून तिरका बसतो. डोळ्यानं अंदाज करून ठोकणाऱ्यांच्या हेडमध्ये आठ गाईड आठ उंचीला असतात, मी रोज बघतो.

गाईड बसलं, हेड थंड झालं, की भोक जरा आवळलेलं असतंय. ७ मिमीचा रिमर हातानं, एका दिशेनंच फिरवत आत आणि त्याच दिशेनं फिरवत बाहेर. उलटा फिरवलास तर धार जाते आणि भोकात रेघा पडतात. मग दांडी पुसून, एक थेंब हलकं ऑइल लावून व्हॉल्व्ह सोड. स्वतःच्या वजनानं, सावकाश, न अडकता खाली सरकायला पाहिजे. धपकन पडला तर सैल. मध्येच थांबला तर रिमरची चूर राहिली आहे.

आणि सीट. हे सगळ्यात जास्त लोक चुकवतात. सीट कापायच्या हत्याराचा पायलट (मधला दांडा) गाईडमध्ये बसतो, म्हणून सीट नेहमी गाईडनंतर. नवीन गाईडचं केंद्र जुन्याच्या केंद्रावर येईल ही आशा सोड. टेकल्याची खूण उमटवणारी निळी शाई लावून व्हॉल्व्ह टेकव, बघ. एका बाजूला जाड पट्टा आणि दुसऱ्या बाजूला कोरं दिसेल. तिथं पेस्ट लावून तासभर घासत बसलास तर व्हॉल्व्हला खाच पडेल, सीट मध्यावर येणार नाही. ४५ अंशात कापून घे, पट्टा १.३ ते १.५ मिमी. मग पेस्टनं हलकं घासायचं ते फक्त खात्रीला.

---

कोथरूड_गॅरेज

माझी दोरी गुंडाळून ठेवतो. काका, हे सगळं इतकं शुद्ध आणि सविस्तर लिहिणारा लेथवाला पहिल्यांदा पाहिला.

एक विचारू? सीलच्या रंगाचं काय? काळा नायट्राइल, हिरवा-तपकिरी व्हायटॉन, असं दुकानदार सांगतात.

---

उद्यमनगर_लेथ

शुद्धलेखन मुलगी तपासते.

रंग कंपनीच्या मर्जीवर. व्हायटॉन उष्णता जास्त सोसतं, नायट्राइल लवकर कडक होतं, हे खरं. पण रबरात कुठलाही रंग घालता येतोय, त्यामुळं रंगावरनं ओळख नको. पाकिटावर काय लिहिलंय ते बघ, आणि ओठाभोवतीची बारीक स्प्रिंग जागेवर आहे का बघ. स्वस्तातल्या सेटमध्ये एखाद्याची स्प्रिंग बाहेर आलेली सापडते.

आजरेकर, सील घालायच्या आधी हेड गरम साबणाच्या पाण्यानं धू. पेट्रोलनं पुसून पेस्ट जात नाही, ती गाईडच्या आत चिकटून राहते आणि तुझं नवं गाईड पहिल्या हजार किलोमीटरमध्ये खाते. गाईडमधून बाटली धुवायचा बारीक ब्रश फिरव, हवा मार.

आता क्रम. पहिल्यांदा स्प्रिंगखालची वॉशर. सील बसवून झाले, मग वॉशर आठवली, की सील काढावा लागतो आणि काढलेला सील परत वापरायचा नसतो. या चुकीवर दुकानदारांची घरं चालतात. वॉशरनंतर गाईडच्या डोक्याला ऑइल, सीलला आतनं ऑइल, आणि सील नळीसारख्या पुशरवर घेऊन हाताच्या दाबानं बसवायचा. हातोडी लांब ठेव. सील गाईडच्या खाचेत बसला की बोटांना एक बारीक टक् जाणवते. हातोडीनं ठोकलास तर ती टक् कळत नाही, वरनं आतली लोखंडी कडी वाकते, आणि बाहेरनं सगळं चांगलं दिसतं.

मग व्हॉल्व्ह. त्याच्या वरच्या टोकाला लॉकची खाच असते, तिची कड ब्लेडसारखी धारदार. कोरडा व्हॉल्व्ह खालनं ढकललास की ती कड ओठ कापून वर येते. धार ऑइलस्टोननं आधी मोड. खाचेवर पातळ प्लॅस्टिकची टोपी किंवा सेलोटेपचा एक वेढा, वर ऑइल, आणि व्हॉल्व्ह फिरवत फिरवत वर घे. वर आला की टेप काढ. आणि एकदा वर आलेला व्हॉल्व्ह "जरा बघतो" म्हणून परत खाली काढायचा नाही.

स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट असतात. ते टोक खाली, हेडकडं.

शेवटी हेड कडेवर ठेव, पोर्ट वर येईल असं धर आणि पोर्टात डिझेल ओत. पूर्वी रॉकेल ओतायचो, आता रॉकेल बघायला मिळत नाही. सीटवरनं पाझरलं नाही तर झालं.

---

पॉलिटेक्निक_मॅडम

काकांनी "काढलेला सील परत वापरायचा नसतो" लिहिलंय ते मी वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

थोडी भर: सील पूर्ण कोरडं बंद करण्यासाठी नसतो. दांडीला वंगण म्हणून ऑइलचा पातळ थर खाली जायलाच हवा, नाहीतर गाईड कोरडं चालून दांडी पकडेल. म्हणून "आणखी घट्ट" सील शोधण्यात अर्थ नाही. आणि हेडची सपाटी बघून घ्या, सरळ पट्टी आणि फिलर गेजनं. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं.

---

आजरेकर_जिप्सी

झालं. गाईड आणि सीट कोल्हापुरात करून घेतले, सील मी स्वतः घरी बसवले. पंच एका शाळेतल्या मित्राच्या लेथवर केला, आठही गाईड १४ मिमीला एका पट्टीत. सील बसताना ती टक् खरंच कळते. एका सीलला कळली नाही. तो काढून टाकला आणि नवीन घातला, काका सेटमध्ये जास्तीचा घे म्हणाले नव्हते पण घेतला होता.

काल आंबोली उतरलो, मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण घाट. दाणोलीला पाय दिला. मागं भाऊ मोटारसायकलवर होता, म्हणाला काही नाही.

एक शंका. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनवर मापात लावले होते. आता एक-दोन ठिकाणी फट कमी झाल्यासारखी वाटते. आवाज उलट शांत आहे. तसंच ठेवू का?

---

उद्यमनगर_लेथ

ठेवू नकोस. नवीन कापलेल्या सीटमध्ये व्हॉल्व्ह थोडा खोल बसत जातोय, म्हणजे दांडी वर येते आणि फट कमी होते. फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्टला सीटवर टेकूनच थंड व्हायचं असतंय, टेकला नाही की कड जळते. टॅपेटचा आवाज आला तर घाबरायचं कारण नाही, आवाज गेला तर बघायचं.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना आठही परत लाव. पाचशे किलोमीटरला अजून एकदा. त्यावेळी ऑइलपण बदल, आणि काढलेलं ऑइल फेकण्याआधी एका पांढऱ्या फडक्यावर ओतून बघ, चमक दिसली तर फोटो टाक.